एस्कमचे सॅक्सन चर्च

इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम परगण्यात, वेअर नदीच्या काठी, एस्कम नावाचे खेडे आहे. या खेड्यात वाटोळ्या आवारात संत जॉन यांच्या नावाचे एक लहान चर्च उभे आहे. इ. स. ६७० ते ६९० च्या सुमारास ते बांधले गेले असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इंग्लंडच्या चर्चने रोमच्या पोपशी संबंध तोडले ते १५३४ साली. म्हणजे आज ज्या अँग्लिकन पंथाचे हे ग्रामचर्च आहे, त्या पंथाहून ही वास्तू सुमारे साडेआठशे वर्षांनी वडील आहे.

सातव्या शतकात याच प्रदेशात मंकवेअरमथ (६७४) आणि जॅरो येथे मोठे मठ उभे राहिले. जॅरोच्या मठातील बीड या साधूने ७३१ साली इंग्लिश धर्मसंस्थेचा इतिहास पूर्ण केला. त्यात एस्कमचा उल्लेख नाही. हे चर्च कोणी बांधविले, कोणत्या गवंड्यांनी उभारले, हे सांगणारा शिलालेखही नाही. त्यामुळे या वास्तूच्या आरंभकाळाचा दस्तऐवज म्हणजे तिच्या भिंतीच होत, आणि तो चिऱ्याचिऱ्याने वाचावा लागतो.

रचना अगदी साधी आहे. आपल्या देवळाच्या भाषेत बोलायचे तर एक सभामंडप आणि त्यास जोडलेले एक गर्भगृह. भाविकांनी बसावयाचा मंडप सुमारे ४३ फूट लांब आणि १४ फूट रुंद आहे. म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पट. भिंती मात्र सुमारे २३ फूट उंच आहेत. अरुंद पाया आणि उंच भिंत ही त्या काळच्या नॉर्थम्ब्रियाच्या बांधणीची ओळख मानतात. वेदीची जागा जवळजवळ चौरस आणि बरीच लहान आहे. भिंतीतील मूळचे झरोके वर, उंचावर आहेत. बाहेरून पाहता ते बेताचे दिसतात. आत मात्र भिंतीच्या जाडीत ते पसरत जातात. थोड्या उजेडाचा पुरेपूर उपयोग व्हावा आणि वारा-पाऊस कमी शिरावा, ही त्यामागची योजना. उत्तरेकडील झरोक्यांचे माथे सपाट आहेत, दक्षिणेकडील वाटोळे. पुढच्या शतकांत अधिक प्रकाशासाठी मोठ्या खिडक्या पाडल्या गेल्या, तरी हे जुने झरोके कोणी बुजविले नाहीत.

भिंतीचे चिरे मात्र सॅक्सन गवंड्यांनी खाणीतून काढलेले नाहीत. जवळच बिन्चेस्टर येथे रोमन सैन्याचा किल्ला होता. इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधील रोमन सत्ता संपली आणि किल्ला ओस पडत गेला. अडीचशे वर्षांनी एस्कमच्या गवंड्यांनी तेथील घडीव दगड उचलून आणले. कित्येक चिऱ्यांवर रोमन टाकीची चौकटीदार नक्षी अजून दिसते. उत्तरेकडील भिंतीत तर सहाव्या रोमन पलटणीचे नाव कोरलेला दगड उलटा बसविलेला आहे. लावणाऱ्यास ती अक्षरे वाचता येत नव्हती की त्यास त्यांचे महत्त्व वाटले नाही, हे कोण सांगणार? मंडप आणि वेदी यांच्यामधील उंच, अरुंद कमानही रोमन इमारतीतून सोडवून आणून पुन्हा जुळविली असावी, असे मत आहे. तिच्या दोन्ही बाजूंचे दगड आळीपाळीने उभे आणि आडवे रचलेले आहेत. आडवा दगड भिंतीच्या जाडीत शिरून उभ्यास धरून ठेवतो. दक्षिणेच्या भिंतीवर सर्पाकृती कोरलेले छायायंत्र आहे. इंग्लंडमध्ये मूळ जागी राहिलेल्या छायायंत्रांत ते सर्वांत जुने मानले जाते. त्यावर बारा तासांच्या रेषा नाहीत, तीनच आहेत. प्रार्थनेच्या वेळा कळल्या म्हणजे पुरे होते.

इतका जुना ठेवा एकोणिसाव्या शतकात नष्ट होण्याच्या बेतात आला होता. कोळशाच्या खाणींमुळे डरहॅम परगण्याची वस्ती झपाट्याने वाढत होती. १८६३ साली एस्कममध्ये नवे चर्च बांधले गेले, आणि जुने वापरातून गेले. वापर सुटला की देखभाल सुटते. जुन्या वास्तूची दुरवस्था झाली. पुढे तिचे वय ध्यानी आले, आणि १८७५ ते १८८० या काळात आर. जे. जॉन्सन या वास्तुविशारदाने तिची डागडुजी केली. तो काळ जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चांचे रूप पार पालटून टाकण्याचा होता. या प्रकाराविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली, यावरून त्याची व्याप्ती कळावी. एस्कमला मात्र कोणी शिखर चढविले नाही, नवी नक्षी चिकटविली नाही. सातव्या शतकातील माणूस आज परतला तर त्यास आपले चर्च ओळखता येईल.

१८६३ चे नवे चर्च पुढे धोकादायक झाले आणि १९७१ साली पाडून टाकण्यात आले. त्यास १०८ वर्षांचे आयुष्य लाभले. ज्याच्या जागी ते आले होते, त्या जुन्या चर्चमध्ये गावाची उपासना पुन्हा होऊ लागली.

आम्हांस या कथेत एक गोष्ट विशेष वाटते. एस्कमच्या चर्चला राजाश्रय नव्हता आणि त्याची कीर्तीही नव्हती. प्रत्येक पिढीने त्यात उपासना केली, गरजेपुरती खिडकी पाडली, गळते छप्पर शाकारले, आणि पुढच्या पिढीच्या हाती दिले. हा क्रम हजारावर वर्षे चालला, आणि तो जेमतेम बारा-पंधरा वर्षे तुटताच वास्तू कोसळण्याच्या वाटेस लागली. पूर्वजांनी परमुलखात बांधलेले वाडे आणि देवळे ज्यांच्याकडे वारशाने आली आहेत, अशा आपल्यासारख्या घराण्यांना या हिशेबाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.