फ्रेंच वर्गाचे बिऱ्हाड

कॅनडातील गावोगावच्या शाळा-मंडळांच्या सभांत एक ठराव गेल्या अर्धशतकात कितीदा तरी येऊन गेला आहे. ठरावाची भाषा साधी असते : अमुक शाळेत जागा अपुरी पडत असल्यामुळे तेथील फ्रेंच वर्ग येत्या सप्टेंबरपासून तमुक शाळेत हलविण्यात यावेत. दोन शाळांमधील अंतर पुष्कळदा कोस-दीड कोसाचेच असते. नवी इमारत जुनीपेक्षा वाईट नसते. पाठ्यपुस्तके तीच राहणार असतात. तरीही त्या सभेच्या रात्री शाळेच्या व्यायामशाळेत मांडलेल्या खुर्च्या पुरत नाहीत. आईबाप भिंतीला टेकून उभे राहतात, आणि एरवी मितभाषी असणारी माणसे ध्वनिक्षेपकापुढे येऊन आवाज चढवून बोलतात. बाहेरच्या माणसास हा सारा क्षोभ अवास्तव वाटावा. आम्हांसही प्रथम तसाच वाटला होता. परंतु हे वर्ग जन्मास कसे आले ह्याचा मागोवा घेऊ लागल्यावर आमचे मत पालटले.

ह्या शिक्षणपद्धतीस तेथे ‘इमर्शन’ म्हणतात. आपल्याकडे बुडविण्याची गोष्ट निघाली की अनंत चतुर्दशी आठवावयाची. पण मूर्ती पाण्यात विरून जाते तसे येथे काही विरावयाचे नसते. म्हणून आम्ही ‘अवगाहन’ हा शब्द पत्करतो. तीर्थात बुडी मारून माणूस जसाच्या तसा, पण न्हाऊन बाहेर येतो, तसे इंग्रजी घरातले मूल फ्रेंच भाषेत उतरते आणि आपली इंग्रजी न गमावता बाहेर येते. फ्रेंच हा त्या वर्गात केवळ एक विषय नसतो. ती गणिताची, भूगोलाची, खेळाची आणि बाईंच्या रागावण्याचीही भाषा असते.

ह्या पद्धतीचा आरंभ क्युबेक प्रांतात झाला. तेथे बहुसंख्य लोक फ्रेंचभाषिक. पण मॉंट्रिऑल शहरातील मोठा व्यापार-उदीम दीर्घकाळ इंग्रजीभाषिकांच्या हाती होता. शाळा मात्र भाषेवरून नव्हे, तर पंथावरून विभागलेल्या होत्या : एक मंडळ कॅथलिकांचे, एक प्रॉटेस्टंटांचे. १८६७ च्या घटनाकायद्याने पंथीय शाळांस जे संरक्षण दिले, त्याच्या आधारे ही व्यवस्था १९९८ साली भाषावार मंडळे अस्तित्वात येईपर्यंत टिकली. त्यामुळे प्रॉटेस्टंट इंग्रज मुलगा आणि कॅथलिक फ्रेंच मुलगा एका गल्लीत राहिले तरी सहसा एका बाकावर बसत नसत. इंग्रजी शाळांत फ्रेंच शिकवीत असत, नाही असे नाही. पण ती रोज थोडा वेळ आणि व्याकरणाच्या वाटेने. वर्षानुवर्षे क्रियापदे चालवून बाहेर पडलेल्या तरुणास शेजारच्या फ्रेंच दुकानदाराशी धड चार वाक्ये बोलता येऊ नयेत, हा तेथला नित्याचा अनुभव होता. पुढे १९६० साली ज्यास ‘शांत क्रांती’ म्हणतात ते पर्व सुरू झाले. फ्रेंच समाज आपल्या घराचा आपण धनी व्हावयास निघाला, आणि ह्या प्रांतात राहावयाचे तर फ्रेंचवाचून गत्यंतर नाही, हे जाणत्या इंग्रज आईबापांस उमगले.

मॉंट्रिऑलसमोर सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर सेंट लॅम्बर्ट नावाचे उपनगर आहे. तेथे १९६३ साली बारा पालकांची बैठक झाली. ऑल्गा मेलिकॉफ, म्यूरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील ह्या तीन मातांची नावे ह्या उद्योगाशी कायमची जोडली गेली आहेत. त्यांनी मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि मेंदूवरील शस्त्रक्रियेचे विख्यात तज्ज्ञ वाइल्डर पेनफील्ड ह्यांचा सल्ला घेतला. दोन भाषांच्या ओझ्याखाली मुलाची बुद्धी दबते, असा त्या काळी दृढ समज होता. लॅम्बर्ट ह्यांनी एलिझाबेथ पील ह्यांच्या सहकार्याने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॉंट्रिऑलमधील दहा वर्षांची द्वैभाषिक मुले बुद्धीच्या कसोट्यांत मागे नव्हती, उलट पुढेच होती. पालकांच्या हाती हे मोठेच शस्त्र आले.

शाळा-मंडळास मात्र त्याचे अप्रूप नव्हते. पत्रे, निवेदने, सभा ह्यांत दोन वर्षे गेली. अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये एक बालवर्ग उघडला. २६ जागा होत्या. नोंदणी सुरू झाली आणि पाच मिनिटांत त्या भरल्या. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. मंडळाने हा वर्ग दिला, पण तो आपला मानला नाही. तो एक प्रयोग होता, आणि साधला नाही तर दोष मागणाऱ्यांचा, अशी एकंदर वृत्ती होती. पुढच्या इयत्तेसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मनधरणी. थोडक्यात, फ्रेंच वर्ग इंग्रजी शाळेच्या वाड्यात बिऱ्हाडकरू म्हणून आला. मालकाने जागा दिली, पण भाडेचिठ्ठी लिहून दिली नाही.

त्या २६ मुलांचे पुढे काय झाले, ह्याची नोंद लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर ह्यांनी वर्षानुवर्षे ठेवली आणि १९७२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मुले प्रथम फ्रेंचमध्ये वाचावयास शिकली. इंग्रजी वाचन दुसऱ्या इयत्तेत आले. आरंभी ती इंग्रजी वाचनात मागे होती, पण लवकरच सोबत्यांच्या बरोबरीस आली. गणित फ्रेंचमधून शिकूनही इंग्रजीतून घेतलेल्या परीक्षेत ती उणी पडली नाहीत. फ्रेंच ऐकून समजण्यात त्यांनी फ्रेंच मुलांशी जवळजवळ बरोबरी केली; बोलण्यालिहिण्यात मात्र तितकी सफाई आली नाही, हेही त्या संशोधकांनी प्रांजळपणे नोंदविले आहे.

मग ही पद्धत वणव्यासारखी पसरली. १९६९ साली इंग्रजी व फ्रेंच ह्या दोन्ही देशाच्या राजभाषा ठरल्या, १९७० पासून केंद्राचा पैसा प्रांतांच्या भाषाशिक्षणाकडे वाहू लागला, आणि १९७७ साली ‘कॅनेडियन पेरेंट्स फॉर फ्रेंच’ ही पालकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. त्याच १९७७ साली क्युबेकने आपला भाषाविषयक कायदा केला आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुले सामान्यतः फ्रेंच शाळांत जाऊ लागली. मॉंट्रिऑलला स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांत आली. पण ती गोष्ट वेगळी. ती शाळाच फ्रेंच. आम्ही बोलत आहोत ते इंग्रजी मंडळांनी चालविलेल्या अवगाहन वर्गांविषयी. त्यांतील मुलांची संख्या आज चार लाखांच्या वर आहे. पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर ह्या वर्गांत नाव घालण्यासाठी आईबापांनी शाळेबाहेर तंबू ठोकून रात्री काढल्या, आणि पुढे कित्येक मंडळांनी रांग मोडून चिठ्ठ्या टाकण्याची रीत धरली.

एवढी मागणी असूनही बिऱ्हाडाचे स्वरूप पालटले नाही. १९८२ च्या अधिकारपत्राच्या तेविसाव्या कलमाने अल्पसंख्य भाषिकांस आपल्या भाषेतील शाळांचा हक्क दिला. अल्बर्टातील फ्रेंचभाषिक पालकांच्या दाव्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्कात, संख्या पुरेशी असेल तेथे, शाळांच्या कारभाराचाही वाटा येतो असे सांगितले. हा हक्क इंग्रजीभाषिक पालकाने आपल्या मुलासाठी हौसेने निवडलेल्या अवगाहन वर्गास लागू नाही. तो वर्ग म्हणजे मंडळाने देऊ केलेली सोय. सोय कोठे द्यावयाची, किती द्यावयाची, हे मंडळ ठरविणार.

जागेचा हिशेब मग असा चालतो. १९७० नंतरच्या दशकात मुलांची संख्या घटू लागली आणि कित्येक इंग्रजी शाळांतील खोल्या ओस पडल्या. जेथे खोल्या रिकाम्या तेथे फ्रेंच वर्ग नेऊन बसविणे मंडळांस सोईचे होते. वर्ग वाढले की तीच इमारत अपुरी पडते, अंगणात लाकडी खोल्या उभ्या राहतात, आणि मग ‘हलविण्यात यावेत’ हा ठराव येतो. कोठे दोन्ही शाखा एका छपराखाली नांदतात, कोठे सगळी शाळाच अवगाहनाची केलेली असते. १९८१ साली ऑन्टारिओतील संशोधकांनी ह्या दोन प्रकारांची तुलना केली, तेव्हा स्वतंत्र शाळेतील मुलांची फ्रेंच सरस आढळली. जेथे शिपाई आणि कारकूनही फ्रेंच बोलतो, मधल्या सुटीची घोषणा फ्रेंचमध्ये होते, तेथे असे घडणे स्वाभाविक आहे. म्हणून वर्ग हलविण्याच्या प्रश्नावर पालकांत नेहमीच एकमत असते असे समजू नये. काहींना स्वतंत्र शाळा हवी असते, मग ती दूर का असेना. काहींना मूल पायी जाईल ती गल्लीतली शाळा सोडवत नाही.

आता पालकांची मूळ धास्ती पाहू. बस किती वाजता येणार, पाच वर्षांचे मूल हिवाळ्याच्या अंधारात किती वेळ उभे राहणार, आईबाप कामावरून परत येईपर्यंत त्यास कोण सांभाळणार, हे प्रश्न वरवरचे नव्हेत. पण ते कोणत्याही शाळेच्या बदलीत येतात. ह्या वर्गाची अडचण निराळी आहे. साध्या इंग्रजी वर्गातून पाच मुले गेली तर वर्षाअखेर दुसरी पाच येतात. अवगाहनाच्या वर्गात तसे होत नाही. जे मूल पहिल्या इयत्तेत आले नाही, त्यास चौथीत कसे बसविणार? त्यास फ्रेंचचा गंधही नसतो. म्हणून हा वर्ग पुढे सरकतो तसा फक्त आटत जातो. शाळा हलली की काही आईबाप दूरच्या बसपेक्षा जवळची इंग्रजी शाखा बरी म्हणून मूल काढून घेतात. वर्ग लहान झाला की मंडळ दोन इयत्ता एकत्र करते. दोन इयत्ता एकत्र झाल्या की आणखी दोघे-तिघे जातात. एका ठरावाने सुरू झालेली ही ओहोटी पुढे कोणत्याही ठरावाने भरून येत नाही. त्यात फ्रेंच शिकविणाऱ्या चांगल्या शिक्षकांचा देशभर तुटवडा. बदलीच्या गडबडीत एखाद्या बाईंनी दुसरी नोकरी धरली, तर त्यांच्या जागी तशीच बाई मिळेल ह्याचा भरवसा नसतो. व्यायामशाळेत भिंतीला टेकून उभा असलेला बाप इमारतीसाठी भांडत नसतो. आपल्या मुलाच्या वर्गातील बावीस मुले बावीसच राहावीत, एवढेच त्याचे मागणे असते.

ह्याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे बरे नव्हे. ज्या गल्लीतील शाळेत फ्रेंच वर्ग येऊन बसतात, तेथील इंग्रजी शाखेची मुले हळूहळू पाहुणी होतात, आणि एक दिवस त्यांनाच बसमध्ये बसवून दुसरीकडे पाठवितात. १९८० च्या सुमारास ह्या कारणाने शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्टे आली. आणखी एक आक्षेप असा की अवगाहनात सुखवस्तू, सुशिक्षित घरची मुले अधिक जातात. ज्यांना शिकण्यात अडचण येते ती मागे इंग्रजी शाखेत साचतात, आणि एकाच छपराखाली दोन वर्ण तयार होतात. हा आक्षेप निराधार नाही. फ्रेंच पालकांची संघटना बांधलेली असते, त्यांना निवेदन लिहिता येते. दुसऱ्या शाखेतील आईला पुष्कळदा सभेस यावयास वेळही नसतो.

बिऱ्हाडकरूचा शब्द किती चालतो ह्याचा कस न्यू ब्रन्झविकमध्ये लागला. कॅनडात अधिकृतपणे द्वैभाषिक असा हा एकच प्रांत. तेथील शिक्षणमंत्र्यांनी मार्च २००८ मध्ये पहिलीपासूनचे अवगाहनच बंद करण्याची घोषणा केली. पालक न्यायालयात गेले, आणि जून महिन्यात न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द ठरविला. पण कशासाठी? लोकांशी पुरेशी विचारविनिमयाची संधी दिली नाही एवढ्यासाठी. पहिलीचा फ्रेंच वर्ग हा पालकांचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. सरकारने पुन्हा विचारविनिमय केला आणि ऑगस्टमध्ये प्रवेश तिसरीपासून केला. पहिलीतील प्रवेश पुन्हा सुरू व्हावयास २०१७ साल उजाडले. मधल्या नऊ वर्षांत ज्यांची मुले सहा वर्षांची झाली, त्यांच्या हाती काही लागले नाही.

आमच्या गोव्यातील वाचकांस ह्यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. पट कमी झाला म्हणून मराठी आणि कोंकणी सरकारी प्राथमिक शाळा शेजारच्या शाळेत विलीन होताना आपण पाहिल्या आहेत, आणि विलीन झालेल्या शाळेत सगळीच मुले पोहोचत नाहीत, वाटेत काही इंग्रजी शाळेच्या गाडीत चढतात, हेही पाहिले आहे. फरक एवढाच की आपले मूल शाळा कोणतीही असो, संध्याकाळी घरी कोंकणी बोलते आणि देवळात मराठी आरती म्हणते. विनिपेगमधल्या इंग्रज घरातल्या मुलाची फ्रेंच बसमधून उतरते तेव्हा फाटकापाशीच थांबते. घरात ती कोणी बोलत नाही, चर्चमध्ये नाही, वाण्याच्या दुकानातही नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच वर्गात, त्याच मुलांमध्ये, त्यास भेटावयाची असते.