कोणत्या कलमाखाली?

जानेफळ हे माझे गाव, बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातले. माझी वकिली मेहकरच्या कोर्टात झाली. आज मी तुम्हाला चीनच्या कायद्याविषयी आणि त्या कायद्याचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या एका माणसाविषयी सांगणार आहे. जानेफळच्या वकिलाला चीनशी काय देणेघेणे, असे तुम्ही म्हणाल. त्यासाठी आधी आमच्या गल्लीतली एक रात्र सांगायला हवी.

१९७५ सालचा पावसाळा होता. मी शाळेत शिकत होतो. आणीबाणी लागून थोडेच दिवस झाले होते. शेजारच्या गुरुजींच्या दारात रात्री पोलिसांची गाडी थांबली. गुरुजींनी सदरा घातला, चष्मा घेतला आणि ते निघाले. मावशी कंदील घेऊन ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "कोन्त्या कलमाखाली नेता, एवढं तरी सांगा ना भाऊ." शिपाई बिचारा खाली मान घालून म्हणाला, "आमाले काय मालूम काकू, वरून हुकूम हाये." गुरुजी परत आले ते थेट १९७७ मध्ये. मावशींच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही.

पुढे वकील झाल्यावर मला कळले, की त्या वेळी उत्तर न देण्याचीच सोय कायद्यात केलेली होती. 'मिसा' कायद्यात दुरुस्ती करून, स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणे सांगण्याचे बंधनच काढून टाकले होते. मावशींचा तो प्रश्न मनात घेऊन मी पुस्तके वाचत गेलो आणि जेरोम कोहेन या अमेरिकी प्राध्यापकापर्यंत येऊन पोहोचलो.

कोहेन यांचा जन्म १९३० चा. येल विद्यापीठात ते कायदा शिकले आणि नंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ल वॉरन व फेलिक्स फ्रँकफर्टर या दोन न्यायमूर्तींचे साहाय्यक झाले. पुढची वाट सरळ होती. पण १९६० मध्ये, तिशीत, बर्कले येथे शिकवत असताना त्यांनी चिनी भाषा शिकायला घेतली. त्या काळी अमेरिकी माणसाला चीनमध्ये पाऊल टाकता येत नव्हते. ज्या देशात जाता येत नाही आणि जिथे कायदाच नाही असे लोक म्हणतात, त्या देशाचा कायदा शिकायचा, हे वेड नाही तर काय?

लोकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. चीनमध्ये १९४९ साली क्रांती झाली, पण पहिली दंडसंहिता आणि पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आली ती १९७९ मध्ये. १९५७ च्या 'उजव्यां'विरुद्धच्या मोहिमेत वकिलीचा व्यवसाय जवळजवळ संपला. १९५९ मध्ये तर न्याय मंत्रालयच बंद झाले. मग अभ्यास कशाचा करायचा?

कोहेन १९६३ मध्ये हाँगकाँगला जाऊन राहिले. चीनमधून निसटून आलेले लोक तिथे होते. त्यांना ते विचारत गेले. तुम्हाला पकडले तेव्हा काय झाले? कोणी पकडले? किती दिवस ठेवले? घरच्यांना कळवले का? पकडलेल्यांप्रमाणेच पकडणाऱ्यांपैकीही काहीजण त्यांना भेटले. या मुलाखती आणि हाती लागलेली कागदपत्रे यांतून १९६८ मध्ये त्यांचा सातशे पानांचा ग्रंथ तयार झाला. चीनमधल्या फौजदारी प्रक्रियेचे ते चित्र होते. न्यायालय हा त्या जिन्याचा अगदी वरचा पायठा होता. त्याखाली वस्तीतली समज, सभेतली जाहीर निर्भर्त्सना, पोलिसांनीच दिलेली पंधरा दिवसांपर्यंतची कोठडी आणि 'श्रमातून पुनर्शिक्षण' या नावाखाली छावणीत काढायची वर्षे होती. यातल्या बऱ्याच पायऱ्यांवर न्यायाधीश भेटतच नसे. श्रमछावण्यांची ती पद्धत १९५७ मध्ये सुरू झाली आणि २०१३ च्या अखेरीस रद्द झाली.

गावपातळीवरच्या तडजोडीबद्दलही कोहेन यांनी लिहिले आहे. ते वाचताना मला आपली २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम आठवते. भांडण गावातच मिटले, कोर्टाचे हेलपाटे वाचले, तर कोणाला नको आहे? पण समेट चांगला केव्हा? 'मला मान्य नाही' म्हणून उठून मेहकरची एस.टी. धरता येते, तेव्हा. ती वाट बंद झाली की समेटाची सक्ती होते.

कोहेन एकट्या चीनलाच जाब विचारत होते, असे मात्र नाही. येलमधले त्यांचे वर्गबंधू जॉन डाउनी १९५२ मध्ये चीनच्या हद्दीत विमान पाडले गेल्यावर पकडले गेले. ते अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचे होते, पण अमेरिकेचे सरकार वर्षानुवर्षे ते नाकारत राहिले. आपल्या सरकारने खरे ते कबूल करावे, असा कोहेन यांनी आग्रह धरला. १९७२ मध्ये ते पहिल्यांदा चीनला गेले आणि चौ एन लाय यांना भेटले. अखेर १९७३ च्या जानेवारीत अध्यक्ष निक्सन यांनी कबुली दिली आणि मार्चमध्ये, वीस वर्षांनी, डाउनी सुटले.

आता आपल्याकडे येऊ. आणीबाणीत स्थानबद्धांच्या नातेवाइकांनी उच्च न्यायालयांत धाव घेतली. आपल्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी, असे अर्ज ऐकता येतात, असे सांगितले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत सासवडचे व्ही. एम. तारकुंडे होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद त्यांनी १९६९ मध्येच सोडले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे चार न्यायमूर्तींनी म्हटले. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. त्याची किंमत त्यांनी मोजली. १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बंद ठेवता येणार नाही, अशी तरतूद झाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल मोडीत काढला. त्यातले मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड.

म्हणजे आपल्याकडे सारे ठीक आणि चीनमध्ये सारे वाईट, असे मला म्हणायचे नाही. प्रतिबंधक स्थानबद्धता आपल्या घटनेच्या २२ व्या कलमातच आहे आणि ती आजही वापरली जाते. फरक आहे तो एवढाच, की आपल्याकडे चूक झाली तरी ती चूक होती असे म्हणणारा खन्नांसारखा माणूस निकालपत्रात राहतो आणि चाळीस वर्षांनी त्याचेच खरे ठरू शकते.

तशी माणसे चीनमध्येही निपजली. २००३ च्या मार्चमध्ये सुन चिगांग हा २७ वर्षांचा तरुण नोकरीसाठी क्वांगचौ शहरात आला होता. तात्पुरत्या रहिवासाचा परवाना जवळ नाही म्हणून त्याला पकडले आणि तीन दिवसांत मारहाणीने तो कोठडीत मेला. आपल्या भागातली पोरे कामासाठी पुण्याला, सुरतेला जातात. त्यांच्याकडे कोणी असा परवाना मागितला तर कसे होईल, याचा विचार करा. कायद्याच्या तीन तरुण अभ्यासकांनी, हे नियम घटनेविरुद्ध आहेत, असा अर्ज चीनच्या संसदेकडे केला. महिनाभरात सरकारने ते नियम रद्द केले. त्या तिघांपैकी शू चियोंग पुढेही बोलत राहिले. एप्रिल २०२३ मध्ये त्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली.

आणि होते चेन क्वांगचेंग. शानतुंग प्रांतातल्या एका खेड्यातले, लहानपणापासून अंध. घरची माणसे वाचून दाखवत, ते ऐकून त्यांनी कायदा शिकला आणि गावकऱ्यांच्या तक्रारी ते लढवू लागले. २००३ मध्ये कोहेन त्यांच्या गावी जाऊन आले. सक्तीच्या गर्भपातांविरुद्ध आवाज उठवल्यावर चेन यांना चार वर्षांहून अधिक तुरुंगवास घडला. सुटल्यावर घरच तुरुंग झाले. एप्रिल २०१२ मध्ये ते रात्री भिंत चढून निसटले, त्यात पाय मोडला, तरी बीजिंगमधल्या अमेरिकी वकिलातीत पोहोचले. तिथून त्यांनी सल्ल्यासाठी फोन केला तो कोहेन यांना. तेव्हा कोहेन ८१ वर्षांचे होते. त्यांच्याच विद्यापीठात, न्यूयॉर्कला, चेन यांची सोय झाली.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, ९५ व्या वर्षी, कोहेन वारले. त्यांच्या लिहिण्याने चीनचे तुरुंग उघडले नाहीत. पण आत कोण आहे, कोणत्या आरोपावरून आहे आणि त्याला वकील भेटला का, हे प्रश्न ते शेवटपर्यंत नाव घेऊन विचारत राहिले.

कलम विचारले म्हणून माणूस लगेच सुटतो असे नाही. पण विचारल्यावर कोणाला तरी ते लिहावे लागते. लिहिलेले पुढे न्यायाधीशाला वाचता येते आणि चुकीचे असेल तर खोडता येते. न विचारलेल्या अटकेची नोंदच राहत नाही.

आजही मेहकरला एखादी बाई घाबरीघुबरी होऊन येते. "वकीलसाहेब, पोराला नेलं हो," म्हणते. मी तिला आधी बसवतो, पाणी देतो. मग पहिला प्रश्न विचारतो तो त्या रात्री ओट्यावर ऐकलेलाच. "कोणत्या कलमाखाली नेलं, ते विचारलंत का बाई?" आणि तिने विचारले नसेल तर काळा कोट अंगात घालून, विचारायला आम्ही दोघे मिळून जातो.