नोंदवही कोठे ठेवावी?



शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या वेळी एखाद्या यंत्रशाळेच्या दारात उभे राहिले, तर एक साधी गोष्ट दृष्टीस पडते. पहिल्या पाळीचा कारागीर लेथ सोडतो, दुसरा येतो. आणि कामाला हात घालण्यापूर्वी तो दिवा आपल्या सोयीने वळवून घेतो, हत्यारे आपल्या हाताशी मांडतो. यंत्र कारखान्याचे, काम गिऱ्हाइकाचे, परंतु मांडणी ज्याची त्याची. ही मांडणी लक्षात कोणी ठेवावयाची? यंत्राने, कारखान्याने की माणसाने? संगणकाच्या इतिहासात हा प्रश्न एकदा फार नेमकेपणाने विचारला गेला. त्याचाच वृत्तान्त आज आम्ही सांगणार आहोत.

१९८३ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने डीईसी व आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने ‘प्रोजेक्ट अथीना’ हाती घेतला. विद्यार्थ्यांसाठी ठिकठिकाणी संगणक मांडावयाचे होते. पण ते एका घडणीचे नव्हते. तेव्हा कोणत्याही कंपनीच्या पडद्यावर सारख्याच रीतीने खिडक्या उघडून देणारी व्यवस्था हवी होती. स्टॅनफर्ड येथील ‘डब्ल्यू’ नावाच्या व्यवस्थेवरून रॉबर्ट शाइफ्लर यांनी १९८४ साली नवी व्यवस्था रचली. तिला वर्णमालेतील पुढचे अक्षर मिळाले, ‘एक्स’. जिम गेटिस हे या कामी त्यांचे सहकारी होते. १९८७ च्या सप्टेंबरात तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि तीच पुढे रूढ झाली.

ह्या व्यवस्थेचा एक विशेष होता. प्रोग्राम चालावा एका संगणकावर आणि त्याची खिडकी दिसावी दुसऱ्याच संगणकाच्या पडद्यावर, अशी तिच्यात सोय होती. सोय मोठी, पण तिच्यातूनच अडचण निघाली. अक्षर मोठे हवे, पार्श्वभूमी पांढरी हवी, ही आपली आवड आरंभी प्रोग्राम जेथे चालतो तेथल्या फायलीत लिहिलेली असे. चार संगणकांवरचे प्रोग्राम वापरणाऱ्याने मग चार नोंदवह्या बाळगावयाच्या! एकीत दुरुस्ती केली की उरलेल्या तीन शिळ्या.

अकराव्या आवृत्तीने यावर काढलेला तोडगा साधा होता. नोंदवही प्रोग्रामपाशी न ठेवता पडद्यापाशी ठेवावी. पडद्यावरील सर्वांत मागची जी मूळ खिडकी, तिलाच ही यादी टाचून ठेवावयाची. प्रोग्राम कोठूनही येवो, सुरू होताच तो ती वाचतो. हाच ‘रिसोर्स डेटाबेस’. यादी टाचण्याचे काम ‘एक्सआरडीबी’ हा छोटा प्रोग्राम करतो. मूळचा गेटिस यांचा; पुढे शाइफ्लर व फिल कार्ल्टन यांनी तो नव्याने लिहिला. पडदा रंगीत आहे की काळापांढरा, हे पाहून नोंदी निवडण्याचीही त्यात सोय आहे.

नोंदीची रीत टपालाच्या पत्त्यासारखी आहे. आधी प्रोग्रामचे नाव, मग त्यातील भाग, मग गुण, मध्ये टिंबे. टिंबाऐवजी ताराचिन्ह घातले, की मधले काहीही चालते. एक हुकूम साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याला आणि दुसरा हातकणंगले तालुक्यातील शिरोलीलाच, असे दोन निघाले, तर शिरोलीत दुसरा चालावा, तसेच येथे. अधिक नेमकी नोंद ती खरी.

आता अधिकाराचा प्रश्न. प्रोग्रामचा कर्ता आपली पसंती एका फायलीत देतो. वापरणाऱ्याने तशीच नोंद केली, तर ती कर्त्याच्या नोंदीवर मात करते. आणि प्रोग्राम सुरू करतेवेळी आज्ञेतच काही सांगितले, तर ते त्याहूनही वरचढ. शेवटचा शब्द वापरणाऱ्याचा, हे तत्त्व येथे नियमातच गोवलेले आहे.

ह्या व्यवस्थेत दोष नव्हते असे मात्र नाही. नावात एक अक्षर चुकले, तर तक्रार न करता ती नोंद मुकाट्याने वाया जाते. भागांची नावे बहुधा कर्त्यालाच ठाऊक. शिवाय नोंद बदलली, तरी प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावाचून फरक सहसा दिसत नाही. १९९६ साली केडीई व १९९७ साली ग्नोम हे प्रकल्प निघाले. त्यांनी आपापल्या वेगळ्या नोंदवह्या केल्या, आणि सामान्य माणसाला डबीवर टिचकी मारून निवड करता येऊ लागली. तरी ‘एक्सटर्म’सारखे जुने प्रोग्राम आजही हीच यादी वाचतात.

आपल्या दृष्टीने यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची. बटणावरील शब्ददेखील ह्या नोंदींतच लिहिता येतात आणि प्रत्येक भाषेची फाईल निराळी ठेवता येते. प्रोग्रामला हात न लावता त्याला मराठी बोलावयास लावण्याची वाट मोकळी होती. पण अक्षरे कोण जुळवणार? बोलताना मागून येणारी ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी बसते. जोडाक्षरे तर निराळीच. इंग्रजी अक्षरे ओळीने मांडणाऱ्या यंत्राला हे ठाऊक नव्हते. मुंबईच्या एनसीएसटी ह्या राष्ट्रीय संस्थेने ‘इंडिक्स’ प्रकल्पात ही उणीव एक्सच्या मुळाशीच भरून काढण्याचा प्रयत्न केला. नोंदवही होती, लेखणी घडवावयाची होती.

आम्हांस वाटते, ह्या इतिहासाचे सार एवढेच. कारागिराने दिवा आपल्याकडे वळवून घ्यावा हा त्याचा हट्ट नव्हे, तो त्याच्या कामाचाच भाग होय. चांगले यंत्र ते, जे ही गोष्ट ओळखते आणि तिच्यासाठी एक पान कोरे ठेवते.