तारेकडून ताऱ्यांकडे

गॅलिलिओचे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे दुर्बीण उभी राहते. परंतु त्याच्या घरात दुर्बिणीच्या कितीतरी आधी ल्यूट हे तंतुवाद्य नांदत होते. त्याचे वडील विन्चेन्झो हे इटलीतील नामांकित ल्यूटवादक व संगीतशास्त्रज्ञ. १५६४ साली पिसा येथे जन्मलेला त्यांचा हा पुत्रही ल्यूट उत्तम वाजवीत असे.

संगीतातील एक समजूत पायथागोरसच्या नावावर शतकानुशतके चालत आली होती. तारेची लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर चढतो, हे खरेच. त्यावरून, तारेला टांगलेले वजन दुप्पट केले तरी तेच घडेल, असे विद्वान सांगत. विन्चेन्झोंनी प्रत्यक्ष वजने टांगून पाहिली. वजन दुप्पट नव्हे, चौपट लागले! थोर नावाचा दाखला म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा त्या घरात असा कानांनी गिरवला गेला.

पुत्राने तोच धडा डोळ्यांनी गिरवला. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्याला गुरू ग्रहाजवळ तीन लहान तारे दिसले. काही दिवसांत चौथा दिसला. रोज त्यांची स्थाने टिपून, ते गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत, हे त्याने ओळखले. सारे काही पृथ्वीभोवतीच फिरते, या समजुतीला तडा गेला. १६११ साली रोममधील येशूसंघीय खगोलविदांनी स्वतः आकाश न्याहाळून त्याच्या निरीक्षणांना दुजोरा दिला.

काव्यानेही त्याचे स्वागत केले. लॅटिनमध्ये कविता करणारे कार्डिनल माफेओ बार्बेरिनी यांनी १६२० साली त्याला एक कविता पाठवली. खुशामतीचे धोके सांगणाऱ्या त्या कवितेत, गॅलिलिओने दाखवलेल्या सूर्यावरील डागांचा दाखला होता. तीन वर्षांनी हेच कवी पोप अर्बन आठवे झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, २२ जून १६३३ रोजी, गॅलिलिओला धर्मन्यायसभेपुढे गुडघे टेकून पृथ्वी फिरते हे मत सोडावे लागले. उरलेले आयुष्य नजरकैदेत गेले.

१६३८ पर्यंत त्याची दृष्टी गेली. त्याच वर्षी लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो पुन्हा वडिलांच्या विषयाकडे, तारांच्या कंपनांकडे वळलेला दिसतो. त्याच सुमारास इटलीत आलेला तरुण इंग्रज कवी जॉन मिल्टन या बंदिवान वृद्धाला भेटला. मिल्टनचे वडीलही संगीतरचनाकार होते! पुढे स्वतः अंध झालेल्या या कवीने १६६७ सालच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यात गॅलिलिओला व त्याच्या दुर्बिणीला स्थान दिले.

मग कवी असलेल्या पोपमहोदयांच्या काळात घोटाळा कोठे झाला? यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याचे वर्णन आहे. त्या काव्यमय भाषेला तेव्हाच्या ईशज्ञानपंडितांनी खगोलशास्त्राचे विधान मानले. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांची ही चूक जाहीरपणे मान्य केली. साडेतीन शतके लोटली. पण ख्रिस्तसभेने दिलेल्या या कबुलीने श्रद्धा उणी झाली नाही. पवित्र शास्त्रातील काव्य काव्य म्हणून वाचावे आणि आकाश डोळे उघडे ठेवून पाहावे. दोन्ही एकाच निर्मात्याच्या गौरवाकडे नेतात.