शेवटी हाक येणारे वैमानिक
१९७० साली कॅलिफोर्नियात असे वणवे पेटले की विझवणारी खासगी विमाने अपुरी पडली. मग अमेरिकी काँग्रेसने लष्करी सी-१३० विमानात बसवता येणारी 'मॅफ्स' ही टाकी करवून घेतली. ती चालवतात राखीव हवाईदल व नॅशनल गार्डची माणसे. बरीचशी एरवी नोकरी-धंदा करणारी. खासगी कंत्राटदारांशी सरकारने स्पर्धा करू नये, म्हणून यांना हाक त्यांची विमाने कमी पडल्यावरच. म्हणजे या पथकात शिरणाऱ्याच्या वाट्याला हाताबाहेर गेलेलीच आग! जेमतेम १५० फुटांवरून सुमारे ११,००० लिटर लाल अग्निरोधक पाच सेकंदांत सोडायचे. १ जुलै २०१२ रोजी साउथ डकोटात नॉर्थ कॅरोलायनाचे विमान वादळी वाऱ्याच्या झोतात कोसळले. सहापैकी चौघे गेले. उरलेली विमाने एक दिवस थांबवली. ३ जुलैला ती पुन्हा वणव्यावर होती.