एका फुटाचा एक इंच : पहिले बाहुलीघर बांधताना

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती करण्याचा छंद पुणेकरांना नवा नाही. दिवाळीत वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात, गणेशोत्सवात पुठ्ठ्याची मखरे आणि देखावे होतात, चैत्रगौरीपुढे आरास मांडली जाते. मुलींच्या भातुकलीत तर चूल, जाते, पाटा-वरवंट्यापासून बंबापर्यंत अवघा संसार असतो. मात्र या साऱ्यात मापाचे बंधन नसते. किल्ल्यावरचा मावळा बुरुजाएवढा उंच असला तरी कुणाची हरकत नसते. बाहुलीघराचे तसे नाही. तेथे दारातून बाहुली आत जाता आली पाहिजे आणि पाटावर बसलेल्या बाहुलीचा हात ताटापर्यंत पोहोचला पाहिजे. प्रमाणाची ही शिस्त सांभाळणे हेच या छंदातील पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम होय.

थोडा इतिहास

बाहुलीघर ही मूळची मुलांसाठी केलेली वस्तू नव्हे. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने म्युनिकमध्ये १५५८ च्या सुमारास करवून घेतलेले घर हे ज्ञात बाहुलीघरांपैकी सर्वांत जुने मानले जाते. श्रीमंतीचे प्रदर्शन हा त्यामागील हेतू होता. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस पेट्रोनेला ऑर्टमान या महिलेने सजविलेले कपाटवजा घर आहे. त्यावर झालेला खर्च कालव्याकाठच्या खऱ्या घराच्या किमतीएवढा होता, असे सांगितले जाते.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध घराचा भारताशीही संबंध आहे. ब्रिटनच्या राणी मेरी यांच्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात तयार झालेल्या बाहुलीघराचे वास्तुरचनाकार होते एडविन लट्यन्स. त्याच काळात ते नवी दिल्लीचे आराखडेही करीत होते. हे घर एकास बारा या प्रमाणात आहे. त्यात विजेचे दिवे, नळाचे पाणी आणि लिफ्टचीही सोय करण्यात आली होती. त्याच्या ग्रंथालयात आर्थर कॉनन डॉइल यांच्यासह अनेक लेखकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली इवलीशी पुस्तके आहेत. आज ते विंडसरच्या राजवाड्यात पाहावयास मिळते.

बाहुलीघराचा उपयोग शोभेपुरताच राहिला असेही नाही. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४० च्या दशकात संशयास्पद मृत्यूंच्या घटनास्थळांची छोटी दालने तयार केली. पोलिस अधिकाऱ्यांना बारकाईने निरीक्षण करण्याचे शिक्षण देण्यासाठी ती वापरली गेली. अचूक मापात केलेली लहान खोली मोठ्या खोलीविषयी पुष्कळ काही सांगू शकते, हे त्यामागचे सूत्र होते.

प्रमाण कोणते घ्यावे?

जगभर रूढ असलेले प्रमाण एकास बारा हे आहे. म्हणजे खऱ्या घरातील एक फूट तो बाहुलीघरातील एक इंच. आपल्याकडे सुतार-गवंडी अजूनही फूट-इंचातच बोलत असल्याने हा हिशेब सोपा जातो. दहा बाय दहा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली दहा बाय दहा इंचांची आणि नऊ इंच उंचीची होते. साडेसहा फुटांचा दरवाजा साडेसहा इंचांचा, अठरा इंच उंचीची खुर्ची दीड इंचाची आणि साडेपाच फूट उंचीची व्यक्ती साडेपाच इंचांची. एकास चोवीस हे प्रमाण जागा कमी असलेल्यांना सोयीचे असले तरी त्यातील वस्तू फार बारीक होतात. नवख्याने त्या वाटेला न गेलेले बरे.

बाजारातील तयार वस्तू घेताना बहुतेकांची फसगत होते ती येथेच. बार्बीसारखी साडेअकरा इंची बाहुली साधारणपणे एकास सहा या प्रमाणात बसते. एकास बाराच्या घरात ती छताला टेकते. तुळशीबागेत मिळणारी पितळी, स्टीलची किंवा लाकडी भातुकली कितीही देखणी असली तरी ती मुलांच्या हाताच्या मापाने घडविलेली असते, बाहुलीच्या नव्हे. एक फूट उंचीचा हंडा एक इंचाचा हवा. भातुकलीतील हंडा दोन इंचांचा असेल तर तो बाहुलीच्या गुडघ्याच्या वर जाईल. म्हणून खरेदीला जाताना खिशात मोजपट्टी असावी आणि प्रत्येक वस्तूचे माप बाराने गुणून पाहावे. भातुकलीच वापरायची असेल तर घर एकास सहाच्या प्रमाणात बांधणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र तेव्हा दहा फुटांची खोली वीस इंचांची होते, याचाही विचार करावा लागतो.

खेळण्यासाठी की ठेवण्यासाठी?

दुसरा निर्णयही बांधकामापूर्वीच घ्यावा लागतो. घर मुलांच्या खेळासाठी असेल तर ते मजबूत, पुढून पूर्ण उघडे आणि मोठ्या वस्तूंचे असावे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुट्या बारीक वस्तू देऊ नयेत. दिव्यांसाठी वापरले जाणारे नाण्याच्या आकाराचे सेल तर मुलांपासून कटाक्षाने दूर ठेवावेत. असा सेल गिळला गेल्यास अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. सेलची पेटी स्क्रूने बंद होणारी नसेल तर खेळण्याच्या घरात दिवे न लावणेच इष्ट. कपाटात ठेवण्याच्या घरात बारीकसारीक तपशिलाला भरपूर वाव असतो. मात्र धूळ बसू नये म्हणून त्याला पुढे काच किंवा ॲक्रिलिकचे झाकण हवे.

एका खोलीपासून सुरुवात

पहिल्याच प्रयत्नात दुमजली वाडा उभारण्याची उमेद बहुधा अर्धवट राहते. तीन भिंती, जमीन आणि छत असलेली एकच खोली हा उत्तम प्रारंभ होय. माजघर, स्वयंपाकघर किंवा चाळीतील दोन खणांची खोली यांपैकी एक निवडावी. आधी कागदावर पूर्ण मापाचा आराखडा काढावा, मग जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा कच्चा नमुना जोडून त्यात बाहुली उभी करून पाहावी. खिडकी फार उंच झाली, दार अरुंद पडले अशा चुका पुठ्ठ्यातच उघड होतात.

पक्क्या बांधकामासाठी सहा मिलिमीटर जाडीचे प्लायवुड किंवा एमडीएफ चांगले. सनबोर्ड कटरने सहज कापला जातो, पण त्याचे पातळ तुकडे कालांतराने वाकतात. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्येच बंदी आल्याने त्याचा विचार करू नये. हत्यारे मोजकीच लागतात : धारदार कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, बारीक दातांची करवत, कानस, पॉलिश पेपर आणि पांढरा फेव्हिकॉल. कटर एकाच वेळी जोर लावून चालवू नये. हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवल्यास कडा स्वच्छ येते आणि बोटेही सुरक्षित राहतात.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. सर्व भाग कापल्यावर ते गोंद न लावता चिकटपट्टीने जोडून पाहावेत. जुळणी नीट झाली की भाग सुटे करून जमीन, भिंतींचा रंग आणि दिव्यांच्या तारा ही कामे आडव्या अवस्थेतच उरकावीत. त्यानंतर भिंती जोडाव्यात आणि छत सर्वांत शेवटी बसवावे. घाईने आधी घर जोडणाऱ्यांना पुढे कोपऱ्यात ब्रश पोहोचत नाही.

पुण्याच्या पावसाळ्याचाही हिशेब ठेवायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये गोंद उशिरा वाळतो आणि पुठ्ठा ओल धरतो. बोर्डाच्या एकाच बाजूला रंग किंवा कागद लावला तर तो त्या बाजूकडे वाकतो. दोन्ही बाजूंना हात फिरवला की ताण सारखा राहतो.

वाड्याची भिंत, वाड्याचे छत

मराठी घराचे बाहुलीघर करताना परदेशी संचातील पातळ भिंती उपयोगी पडत नाहीत. जुन्या वाड्याची दीड फुटी भिंत येथे दीड इंचाची होते. ती भरीव करण्याची गरज नाही. दोन प्लायवुडच्या मध्ये इंचभर रुंदीच्या पट्ट्या लावून पोकळ भिंत करावी. या पोकळीत कोनाडा कोरता येतो, फडताळ बसवता येते आणि तारा लपविता येतात. भिंतीच्या जाडीमुळेच खिडकीत सावली पडते आणि घर खरे वाटू लागते.

छतासाठी आठ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी काड्या ठरावीक अंतरावर लावून वर फळ्या टाकल्या की कडीपाट तयार होतो. आइस्क्रीमची काडी सुमारे एक सेंटिमीटर रुंद असते. या प्रमाणात ती पावणेपाच इंची फळी ठरते. राखाडी पुठ्ठ्याचे दोन इंची चौकोन म्हणजे शहाबादी फरशी. चाळलेली बारीक माती, फेव्हिकॉल आणि पोस्टर कलर यांचे मिश्रण पसरले की सारवलेली जमीन होते. कापड निवडताना नक्षी बारीक असावी. पैठणीचा मोर येथे बाहुलीएवढा दिसतो, पण चोळीच्या खणाची बारीक नक्षी शोभते. गोधडीसाठी धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीचा तुकडा उत्तम.

दिव्यांसाठी पिवळसर प्रकाशाचे एलईडी घ्यावेत. पाच व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर ते चालवायचे असल्यास प्रत्येक एलईडीला सुमारे २२० ओहमचा रेझिस्टर जोडावा. घरगुती २३० व्होल्टची वायर बाहुलीघरात कधीही आणू नये.

साहित्य कोठे, नमुने कोठे?

लाकडासाठी भवानी पेठेतील टिंबर मार्केट, हार्डवेअर व किरकोळ सजावटीच्या वस्तूंसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी, विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली आणि कागद-रंगांसाठी अप्पा बळवंत चौक ही ठिकाणे पुणेकरांना परिचित आहेत. मातीच्या चिमुकल्या वस्तू कसब्यातील कुंभारवाड्यात पाहाव्यात. लाकडी फळे व खेळण्यांसाठी सावंतवाडीची ख्याती आहे.

नमुने पाहण्यासाठी मात्र दुकानांपेक्षा संग्रहालये बरी. कवी अज्ञातवासी अर्थात डॉ. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावे उभारलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यांनी १९७५ मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केले. तेथील दिवे, अडकित्ते, भांडी आणि कोरीव दरवाजे म्हणजे बाहुलीघर करणाऱ्यांसाठी खुले पाठ्यपुस्तक आहे. जवळच दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा सुरूच्या आकाराच्या सागवानी खांबांसाठी पाहावा. प्रमाणबद्ध छोटे जग कसे उभे राहते, हे कोथरूडमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात कळते.

माप घेण्याची हीच वेळ

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील शेकडो जुनी घरे पुराने नेली. त्यानंतरच्या दशकांत पुनर्विकासाने उरलेल्या वाड्यांची संख्या कमी होत गेली. मोठे वाडे निदान छायाचित्रांत उरले. पण सामान्य कुटुंबाचे माजघर, त्यातील देवाचा कोनाडा, जिन्याखालची अडगळ यांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. घर रिकामे करण्याची नोटीस हाती असताना सामान बांधण्याची घाई असते आणि मापे घ्यायचे कुणालाच सुचत नाही.

त्यासाठी एका दुपारचे काम पुरेसे आहे. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची, दारे-खिडक्यांची मापे, जमिनीपासून कोनाड्याचे अंतर आणि पायऱ्यांची संख्या वहीत लिहावी. चारही भिंतींची समोरून छायाचित्रे घ्यावीत व प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी दिसेल असे पाहावे. कोणती वस्तू कोठे असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावे. बाहुलीघर त्यानंतर दहा वर्षांनी बांधले तरी चालते. मापे मात्र भिंती उभ्या आहेत तोवरच मिळतात.