मान, पाठीचा कणा आणि खांदेदुखी

खांदा दुखतो म्हणून दोष खांद्यातच असेल असे नाही. मानेच्या मणक्यांमधून निघणाऱ्या पाचव्या ते आठव्या नसा आणि छातीची पहिली नस एकत्र गुंफून खांद्याला व हाताला पुरवठा करतात. चकती सरकली किंवा झिजेमुळे हाड वाढले, की नसेचे मूळ दबते आणि कळ खांद्यात, खवाट्यात किंवा दंडात उठते. अमेरिकी शल्यविशारद राल्फ क्लोवर्ड यांनी १९५९ मध्ये मानेच्या चकत्यांची तपासणी करताना चकतीतून निघालेली वेदना खवाट्याजवळ जाणवते, हे दाखवले.

दुखणे कुठले, याचा अंदाज तपासणीच्या टेबलावरच बराचसा येतो. नस दबलेली असेल तर मान मागे करून दुखऱ्या बाजूला कलवताच कळ हातात उतरते. असा रुग्ण पुष्कळदा हात डोक्यावर ठेवून बसतो, कारण त्याने मुळावरचा ताण सैलावतो. खांद्याच्या सांध्यातच बिघाड असेल तर हात वर नेतानाच दुखते आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. खांदा आखडला असेल तर दुसऱ्याने उचलूनही हात पुरता वर जात नाही. मधुमेहींमध्ये हे अधिक आढळते.

पाठीच्या बाकाचा परिणाम स्वतःवर ताडून पाहता येतो. पोक काढून बसा आणि हात कानापर्यंत न्या. मग ताठ बसून तेच करा. पोक असताना खवाटा पुढे झुकलेला राहतो, म्हणून हात लवकर अडतो. मान पुढे काढून तासन्‌तास काम केले की वरच्या चार मणक्यांपासून खवाट्याच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू ताठरतो. आपण नकळत चेपत राहतो ती जागा बहुधा हीच.

तरीही बाक दिसला की दुखण्याचे कारण सापडले, असे मानणे चूक आहे. पोक असूनही अनेकांना काही त्रास नसतो, आणि न दुखणाऱ्या मानेच्या एमआरआयमध्येही झीज दिसते. नुसत्या रिपोर्टवरून ‘मणक्यात गॅप आहे’ सांगून रुग्णाला घाबरवू नये. नस दबल्याचे बहुतेक त्रास काही आठवड्यांत ते महिन्यांत शस्त्रक्रियेविना ओसरतात. मध्येमध्ये उठणे, खवाट्याच्या स्नायूंचा व्यायाम आणि फिजिओथेरपी उपयोगी पडतात.

शर्टाची बटणे लावता न येणे, हातातली शक्ती जाणे, चालताना तोल जाणे ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असू शकतात. त्यात दिवस घालवू नयेत. डाव्या खांद्यात कळ येऊन घाम सुटला किंवा दम लागला, तर आधी हृदय तपासावे.